जो लुईस

जोसेफ लुईस बॅरो, प्रचलित नाव जो लुईस (जन्म: १३ मे १९१४, मृत्यू: १२ एप्रिल १९८१), हे अमेरिकेचे व्यावसायिक मुष्टियोद्धे होते. २२ जून १९३७ ते १ मार्च १९४९ या काळात ते हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचे विश्वविजेते होते. सुमारे ११ वर्षे ८ महिने त्यांनी हे पद अखंड राखले आणि २५ वेळा त्याचा यशस्वी बचाव केला. हेवीवेट गटात हे दोन्ही विक्रम आजही त्यांच्या नावावर आहेत. 'ब्राउन बॉम्बर' या टोपणनावाने ते ओळखले जात.

लुईस हे हेवीवेट विश्वविजेतेपद मिळविणारे दुसरे कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे होत. ज्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्कही प्रत्यक्षात बजावता येत नव्हता, त्या काळात ते गोऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही समाजांचे राष्ट्रीय नायक ठरले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात नोकरी केली आणि दोन लढतींचे मानधन सैनिक-कल्याण निधींना दिले. तथापि निवृत्तीनंतरचे त्यांचे आयुष्य सरकारी कराच्या थकबाकीखाली गेले. राष्ट्राने केलेला गौरव आणि राष्ट्राकडून झालेली ओढाताण या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात एकत्र दिसतात.

बालपण आणि कुटुंब

लुईस यांचा जन्म अलाबामा राज्यातील चेंबर्स परगण्यात, लाफायेट गावाजवळच्या एका झोपडीवजा घरात झाला. मन्रो बॅरो आणि लिली रीस या दांपत्याच्या आठ अपत्यांपैकी ते सातवे. वडील बटाईने कापसाची शेती करीत. दोघांच्याही घराण्यांचे पूर्वज गुलामगिरीत राहिलेले होते. लुईस दोन वर्षांचे असताना वडिलांना मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. पुढे ते वारल्याची बातमी कुटुंबाला मिळाली आणि आईने १९२० च्या सुमारास पॅट ब्रूक्स यांच्याशी पुनर्विवाह केला. ती बातमी खोटी होती. मन्रो बॅरो १९३८ पर्यंत जिवंत होते. आपला मुलगा विश्वविजेता झाला आहे हे मात्र त्यांना कधीच कळले नाही.

१९२६ मध्ये हे कुटुंब मिशिगन राज्यातील डेट्रॉइट येथे स्थलांतरित झाले. कू क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या संघटनेची दहशत आणि उत्तरेकडील मोटार कारखान्यांतील रोजगार ही या स्थलांतराची कारणे होती. त्या दशकांत लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबांनी दक्षिणेकडून उत्तरेकडे हाच मार्ग धरला होता. शिक्षणात मागे पडलेल्या लुईस यांना ब्रॉन्सन व्यवसाय शाळेत सुतारकामाच्या वर्गात घालण्यात आले. आईने त्यांना व्हायोलिनची शिकवणी लावली होती. त्या शिकवणीचे पैसे ते ब्रूस्टर क्रीडाकेंद्रात मुष्टियुद्ध शिकण्यासाठी खर्च करीत.

हौशी कारकीर्द

१९३२ च्या आरंभी लुईस यांनी पहिली हौशी लढत दिली. प्रतिस्पर्धी जॉनी मायलर हे अनुभवी मुष्टियोद्धे होते आणि त्याच वर्षी ते अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात होते. या लढतीत लुईस अनेकदा खाली पडले आणि हरले. त्यानंतर काही काळ त्यांनी मुष्टियुद्ध सोडून फोर्ड कंपनीच्या कारखान्यात काम केले. परंतु लवकरच ते सरावाकडे परतले. १९३४ मध्ये शिकागोची 'गोल्डन ग्लव्ह्ज' स्पर्धा आणि त्यापाठोपाठ राष्ट्रीय हौशी स्पर्धेतील लाइट हेवीवेट गटाचे विजेतेपद त्यांनी मिळविले. हौशी कारकीर्दीत त्यांनी सुमारे ५० लढती जिंकल्या आणि त्यांतील बहुतेक प्रतिस्पर्ध्याला बाद करून जिंकल्या.

जॅक जॉन्सन यांचा वारसा

लुईस व्यावसायिक मुष्टियुद्धात आले तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूला हेवीवेट विजेतेपदाची लढत मिळणे जवळजवळ अशक्य होते. या परिस्थितीला एक पूर्वेतिहास होता. १९०८ मध्ये जॅक जॉन्सन यांनी सिडनी येथे टॉमी बर्न्स यांचा पराभव करून पहिले कृष्णवर्णीय हेवीवेट विजेते होण्याचा मान मिळविला. १९१० मध्ये त्यांनी माजी विजेते जेम्स जेफ्रीज यांना हरविल्यावर अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या. जॉन्सन रिंगणात प्रतिस्पर्ध्यांची थट्टा करीत आणि त्यांनी गोऱ्या स्त्रियांशी विवाह केले होते; ही गोष्ट तत्कालीन गौरवर्णीय समाजाला असह्य झाली. १९१३ मध्ये एका कायद्याचा ताणून अर्थ लावून त्यांना दोषी ठरविण्यात आले. १९१५ मध्ये ते जेस विलर्ड यांच्याकडून हरले. त्यानंतर २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला या विजेतेपदासाठी लढू देण्यात आले नाही. हॅरी विल्स यांच्यासारख्या समर्थ खेळाडूची उमेदीची वर्षे केवळ वाट पाहण्यात गेली.

लुईस यांचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो व ज्युलियन ब्लॅक आणि प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न हे तिघेही कृष्णवर्णीय होते आणि हा इतिहास त्यांना पुरता ठाऊक होता. स्वतः ब्लॅकबर्न यांनी, कृष्णवर्णीय हेवीवेटला भवितव्य नाही या कारणास्तव, प्रारंभी हे काम घेण्यास नाखुशी दाखविली होती. रॉक्सबरो यांनी लुईस यांच्यासाठी वर्तनाचे नियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घ्यायचे नाही, एकट्याने रात्रीच्या क्लबात जायचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद व्यक्त करायचा नाही, संगनमताची लढत लढायची नाही आणि छायाचित्रकारांसमोर चेहरा निर्विकार ठेवायचा, असे त्यांचे स्वरूप होते. हे नियम वृत्तपत्रांतूनही प्रसिद्ध करण्यात आले; कारण ते लुईस यांच्याइतकेच गोऱ्या वाचकांसाठी होते. लुईस यांचा प्रसिद्ध अबोल, निश्चल चेहरा हा काही अंशी स्वभावाचा आणि काही अंशी या शिकवणीचा परिणाम होता.

व्यावसायिक कारकीर्दीचा उदय

४ जुलै १९३४ रोजी शिकागो येथे जॅक क्रॅकेन यांना पहिल्याच फेरीत बाद करून लुईस यांनी व्यावसायिक कारकीर्द सुरू केली. पहिल्या वर्षभरातच त्यांनी वीसहून अधिक लढती जिंकल्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा त्या वेळी मोठ्या लढतींवर जवळजवळ एकाधिकार होता. हा एकाधिकार मोडू पाहणारे संयोजक माइक जेकब्झ यांनी लुईस यांच्याशी करार केला आणि त्यांना न्यूयॉर्कमध्ये आणले.

२५ जून १९३५ रोजी यांकी स्टेडियमवर त्यांनी इटलीचे माजी विश्वविजेते प्रिमो कार्नेरा यांना सहाव्या फेरीत हरविले. कार्नेरा हे उंचीने साडेसहा फूट आणि वजनाने लुईस यांच्यापेक्षा सुमारे ६० पौंडांनी अधिक होते. मुसोलिनीची इटली त्या वेळी इथिओपियावर आक्रमणाच्या तयारीत होती, त्यामुळे या लढतीला आपोआपच राजकीय अर्थ प्राप्त झाला. रेडिओभोवती जमून ही लढत ऐकणाऱ्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्तीचे वर्णन लेखिका माया अँजेलो यांनी आपल्या आत्मकथनात केले आहे. २४ सप्टेंबर १९३५ रोजी लुईस यांनी आणखी एक माजी विजेते मॅक्स बेअर यांना चौथ्या फेरीत बाद केले.

या काळात वृत्तपत्रे लुईस यांच्या ताकदीची स्तुती करीत. पण त्यांच्या वर्णनासाठी वारंवार जंगलाच्या व श्वापदांच्या उपमा वापरीत. व्यंगचित्रांतूनही हीच वृत्ती दिसे.

श्मेलिंग यांच्याशी पहिली लढत (१९३६)

जर्मनीचे मॅक्स श्मेलिंग हे १९३० ते १९३२ या काळात विश्वविजेते होते. १९३६ मध्ये त्यांचे वय ३० होते आणि ते उतरणीला लागले आहेत असा सर्वसाधारण समज होता. श्मेलिंग यांनी मात्र लुईस यांच्या लढतींचे चित्रपट बारकाईने अभ्यासले होते. डाव्या हाताचा सरळ ठोसा मारल्यावर लुईस तो हात परत घेताना खाली आणतात आणि क्षणभर त्यांची हनुवटी उघडी पडते, हे त्यांनी हेरले. लुईस यांचे सरावाकडे दुर्लक्ष झाले होते. गोल्फचा नाद त्यांना नुकताच लागला होता.

१९ जून १९३६ रोजी यांकी स्टेडियमवर श्मेलिंग यांनी चौथ्या फेरीत उजव्या ठोशाने लुईस यांना खाली पाडले आणि बाराव्या फेरीत बाद केले. व्यावसायिक कारकीर्दीतील हा त्यांचा पहिला पराभव होता. हार्लेमसह अनेक कृष्णवर्णीय वस्त्यांत शोककळा पसरली. जर्मनीतील नाझी राजवटीने या विजयाचा वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून प्रचार केला.

विश्वविजेतेपद (१९३७)

या विजयामुळे विश्वविजेते जेम्स ब्रॅडॉक यांच्याशी लढण्याचा हक्क वस्तुतः श्मेलिंग यांचा होता. परंतु नाझी जर्मनीच्या खेळाडूविरुद्ध बहिष्काराची भीती होती, लुईस यांच्याशी लढल्यास उत्पन्न अधिक होते आणि विजेतेपद जर्मनीत गेल्यास ते परत येईल याची खात्री नव्हती. ब्रॅडॉक यांच्या बाजूने, पुढील दहा वर्षे नफ्याचा दहा टक्के हिस्सा मिळावा अशी अट घालण्यात आली. ती मान्य झाल्यावर लुईस यांना संधी मिळाली. म्हणजे वर्णभेदाची भिंत व्यापारी हिशेबाने ओलांडली गेली.

२२ जून १९३७ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर ही लढत झाली. पहिल्या फेरीत लुईस स्वतः खाली पडले. परंतु त्यांनी सावरून हळूहळू वर्चस्व मिळविले आणि आठव्या फेरीत उजव्या ठोशाने ब्रॅडॉक यांना बाद केले. वयाच्या २३ व्या वर्षी ते विश्वविजेते झाले. श्मेलिंग यांना हरविल्याशिवाय आपण स्वतःला विजेता समजणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

श्मेलिंग यांच्याशी दुसरी लढत (१९३८)

२२ जून १९३८ रोजी यांकी स्टेडियमवर दोघे पुन्हा समोरासमोर आले. मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता आणि युरोपवर युद्धाचे सावट होते. लढतीपूर्वी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लुईस यांची भेट घेतली. ज्या देशातील अनेक उपाहारगृहांत लुईस यांना प्रवेश नव्हता, त्या देशाचे लोकशाहीचे प्रतिनिधित्व त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते.

सुमारे ७० हजार प्रेक्षक मैदानावर आणि कोट्यवधी श्रोते रेडिओवर ही लढत अनुभवत होते. लुईस यांनी आरंभापासूनच आक्रमण केले. दोरांना टेकलेल्या श्मेलिंग यांच्या शरीरावर बसलेल्या एका ठोशाने त्यांच्या मणक्याला इजा झाली. ते तीन वेळा खाली पडले. अखेर त्यांच्या प्रशिक्षकाने शरणागतीची खूण म्हणून टॉवेल रिंगणात फेकला आणि पंच आर्थर डोनोव्हन यांनी लढत थांबविली. सगळी लढत २ मिनिटे ४ सेकंदांत संपली.

श्मेलिंग यांना नाझी राजवटीचा प्रतिनिधी म्हणून पाहिले गेले असले, तरी ते नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. सरकारचा दबाव असूनही त्यांनी आपले ज्यू व्यवस्थापक जो जेकब्झ यांना दूर केले नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्यांनी बर्लिनमधील हॉटेलातील आपल्या खोलीत दोन ज्यू मुलांना लपविले होते. ही गोष्ट अनेक वर्षांनी उघड झाली. युद्धानंतर लुईस आणि श्मेलिंग यांची मैत्री जमली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

विजेतेपदाचा बचाव

पूर्वीचे विजेते अनेकदा वर्षातून एखादीच लढत देत. लुईस यांनी ही प्रथा बदलली. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या काळात तर ते जवळजवळ दरमहा लढले. वृत्तपत्रांनी या प्रतिस्पर्ध्यांची 'महिन्याचा बकरा' अशा अर्थाच्या नावाने टिंगल केली. पण त्यांतील अनेकजण त्या वेळचे मान्यताप्राप्त मुष्टियोद्धे होते.

१८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झालेली बिली कॉन यांच्याविरुद्धची लढत या काळातील सर्वांत चुरशीची मानली जाते. कॉन हे लाइट हेवीवेट गटाचे माजी विजेते असून लुईस यांच्यापेक्षा वजनाने बरेच हलके, पण चपळ होते. बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर ते पुढे होते आणि तिसऱ्यावर बरोबरी होती. उरलेल्या तीन फेऱ्या सांभाळून खेळल्यास विजेतेपद त्यांच्या हाती होते. मात्र तेराव्या फेरीत त्यांनी लुईस यांना बाद करण्याच्या ईर्ष्येने जवळ जाऊन लढण्यास सुरुवात केली. लुईस यांना हवी होती ती संधी मिळाली आणि फेरी संपण्यास दोन सेकंद उरले असताना कॉन बाद झाले.

दुसरे महायुद्ध आणि लष्करी सेवा

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर महिन्याभरात, ९ जानेवारी १९४२ रोजी, लुईस यांनी बडी बेअर यांच्याशी लढत दिली आणि आपले मानधन नौदलाच्या साहाय्य निधीला दिले. त्यानंतर लगेच ते साधा शिपाई म्हणून भूसेनेत दाखल झाले. २७ मार्च १९४२ रोजी एब सायमन यांच्याविरुद्धच्या लढतीचे मानधन त्यांनी भूसेनेच्या निधीला दिले. या दोन लढतींत त्यांनी विजेतेपद पणाला लावले होते आणि स्वतःसाठी काही घेतले नव्हते. त्या वेळी अमेरिकेचे नौदल कृष्णवर्णीयांना मुख्यतः स्वयंपाकगृहात व वाढप्याच्या कामावर ठेवीत असे. त्यामुळे अशा दलासाठी लढल्याबद्दल काही कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी त्यांना जाबही विचारला. आपण आपल्या देशासाठी लढत आहोत, असे लुईस यांचे उत्तर होते. सरकारने त्यांचे चित्र सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकांवर वापरले.

सैन्यात त्यांनी सुमारे ९६ प्रदर्शनीय लढती दिल्या आणि सुमारे २० लाख सैनिकांनी त्या पाहिल्या. गोऱ्या आणि काळ्या सैनिकांना वेगवेगळे बसविल्यास आपण लढणार नाही, अशी भूमिका ते घेत. कॅन्सस राज्यातील फोर्ट रायली येथे कृष्णवर्णीय सैनिकांना अधिकारी-प्रशिक्षणाला प्रवेश नाकारला जात होता. लुईस यांनी युद्धखात्यातील आपले परिचित वकील ट्रुमन गिब्सन यांच्यामार्फत हा प्रश्न वर नेला. ज्यांना त्यानंतर प्रवेश मिळाला त्यांत जॅकी रॉबिन्सन हे होते. याच रॉबिन्सन यांनी पुढे १९४७ मध्ये अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेतील वर्णबंदी मोडली. १९४४ मध्ये अलाबामातील एका लष्करी तळाच्या बसथांब्यावर गोऱ्यांसाठी राखीव जागेतून हटण्यास नकार दिल्यामुळे लुईस आणि मुष्टियोद्धे शुगर रे रॉबिन्सन यांना लष्करी पोलिसांनी ताब्यात घेतले होते. सैन्यातील वर्णविभाजन रद्द करणारा आदेश १९४८ साली निघाला.

१९४५ मध्ये त्यांना 'लीजन ऑफ मेरिट' हे पदक देण्यात आले आणि त्याच वर्षी ते सार्जंट म्हणून सेवामुक्त झाले. त्यांचे प्रशिक्षक ब्लॅकबर्न एप्रिल १९४२ मध्येच निवर्तले होते.

युद्धोत्तर लढती आणि पहिली निवृत्ती

१९ जून १९४६ रोजी लुईस यांनी कॉन यांना पुन्हा हरविले. दूरचित्रवाणीवर प्रक्षेपित झालेली ही पहिली हेवीवेट विश्वविजेतेपदाची लढत होय. मात्र चार वर्षांच्या खंडाचा परिणाम दोघांवरही दिसत होता. ५ डिसेंबर १९४७ रोजी जर्सी जो वॉलकॉट यांनी लुईस यांना दोनदा खाली पाडले. दोन परीक्षकांनी लुईस यांच्या बाजूने आणि पंचांनी वॉलकॉट यांच्या बाजूने कौल दिला. आपण हरलो असे वाटून लुईस निकालापूर्वीच रिंगणातून बाहेर पडू लागले होते. २५ जून १९४८ च्या दुसऱ्या लढतीत त्यांनी वॉलकॉट यांना अकराव्या फेरीत बाद केले. हा त्यांचा २५ वा आणि शेवटचा बचाव. १ मार्च १९४९ रोजी ते अपराजित विजेते म्हणून निवृत्त झाले.

पुनरागमन आणि अखेर

आर्थिक अडचणींमुळे ही निवृत्ती टिकली नाही. २७ सप्टेंबर १९५० रोजी त्यांनी नवे विजेते एझर्ड चार्ल्स यांच्याशी लढत दिली आणि पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर ते हरले. त्यानंतर आठ लढती जिंकून २६ ऑक्टोबर १९५१ रोजी ते मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मार्सियानो यांच्यासमोर उभे राहिले. लुईस ३७ वर्षांचे आणि मार्सियानो २८ वर्षांचे होते. आठव्या फेरीत दुसऱ्यांदा पडताना लुईस दोरांमधून बाहेर गेले आणि पंचांनी लढत थांबविली. ही त्यांची शेवटची महत्त्वाची लढत ठरली.

व्यावसायिक कारकीर्दीत त्यांनी एकूण ६९ लढती दिल्या. त्यांपैकी ६६ जिंकल्या, त्यांतील ५२ नॉकआउटने. आणि श्मेलिंग, चार्ल्स व मार्सियानो यांच्याकडून ते एकेकदा हरले.

कराची थकबाकी

कारकीर्दीत लुईस यांच्या लढतींचे एकूण मानधन सुमारे ४६ लाख डॉलर होते; परंतु व्यवस्थापक आणि संयोजक यांचे वाटे वजा जाता त्यांच्या हाती सुमारे ८ लाख डॉलरच आले. हाती आलेला पैसा ते सढळपणे खर्च करीत. कुटुंबीय, मित्र आणि गरजू यांना ते मदत करीत. मंदीच्या काळात कुटुंबाला मिळालेले सरकारी साहाय्यही त्यांनी डेट्रॉइट नगराला परत केले होते. कोंबडी विकणारे उपाहारगृह, विमा कंपनी, दूध कंपनी असे त्यांचे अनेक व्यवसाय बुडाले. सैन्यात असताना उत्पन्न बंद झाले आणि जेकब्झ यांच्याकडून घेतलेली उचल वाढत गेली.

युद्धकाळात कराचे दर वाढले होते आणि वरच्या उत्पन्नावर ते ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. सैनिक-कल्याण निधींना दिलेले मानधनही प्रथम लुईस यांचे उत्पन्न म्हणून करासाठी धरले गेले. त्यांचे हिशेब पाहणाऱ्यांनी विवरणपत्रेही नीट भरली नव्हती. १९५० च्या सुमारास त्यांच्याकडील थकबाकी ५ लाख डॉलरांच्या वर गेली. व्याज व दंड यांमुळे पुढे ती १० लाखांवर पोहोचली. मागील कर फेडण्यासाठी लढावे, तर त्या लढतीच्या उत्पन्नावर नवा कर लागे, अशी ही गाठ होती. १९५३ मध्ये आईच्या मृत्युपत्राने त्यांना मिळालेले ६६७ डॉलरही करखात्याने जप्त केले.

पैशासाठी लुईस यांनी १९५६ मध्ये व्यावसायिक कुस्तीत भाग घेतला. विश्वविजेत्याने ठरवून केलेल्या कुस्त्या खेळाव्यात, याची अनेकांना खंत वाटली. त्यात त्यांच्या बरगड्यांना व हृदयाला दुखापत झाली. १९६० च्या दशकाच्या आरंभी करखात्याने केवळ चालू उत्पन्नापुरती वसुली मर्यादित ठेवण्याचे मान्य केले. जुनी थकबाकी मात्र कधीच फिटली नाही.

व्यक्तिगत आयुष्य आणि उत्तरकाळ

लुईस यांनी २४ सप्टेंबर १९३५ रोजी, मॅक्स बेअर यांच्याशी लढण्यापूर्वी काही तास, मार्वा ट्रॉटर यांच्याशी विवाह केला. १९४५ मध्ये घटस्फोट, पुढच्या वर्षी पुनर्विवाह आणि १९४९ मध्ये पुन्हा घटस्फोट असा हा संबंध राहिला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा झाला. १९५५ मध्ये त्यांनी उद्योजिका रोझ मॉर्गन यांच्याशी केलेला विवाह अल्पकाळ टिकला. १९५९ मध्ये त्यांनी वकील मार्था जेफरसन यांच्याशी विवाह केला. उत्तरायुष्यातील आजारपणात मार्था यांनीच त्यांचा सांभाळ केला.

गोल्फ हा त्यांचा आवडता खेळ होता. १९५२ मध्ये सॅन डिएगो येथील व्यावसायिक गोल्फ स्पर्धेत ते निमंत्रित हौशी खेळाडू म्हणून खेळले. व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या नियमांत त्या वेळी केवळ गोऱ्यांनाच सदस्यत्व देणारे कलम होते. लुईस यांच्या सहभागामुळे त्या कलमाला जाहीर आव्हान मिळाले. ते १९६१ मध्ये रद्द झाले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस लुईस अमली पदार्थांच्या आहारी गेले. आपल्याविरुद्ध कट रचला जात आहे या भयाने त्यांना ग्रासले आणि १९७० मध्ये कोलोरॅडो राज्यात त्यांच्यावर रुग्णालयात मानसिक उपचार करण्यात आले. पुढे लास व्हेगासमधील 'सीझर्स पॅलेस' या हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करण्याचे काम त्यांना मिळाले. १९७७ मध्ये हृदयाजवळच्या महाधमनीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. ११ एप्रिल १९८१ रोजी ते लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक यांची विश्वविजेतेपदाची लढत पाहण्यास उपस्थित होते. दुसऱ्याच दिवशी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नियमांत अपवाद करून आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचे दफन करण्यास अनुमती दिली. अंत्यविधीच्या खर्चाचा काही भाग मॅक्स श्मेलिंग यांनी उचलला.

लढण्याची शैली

ब्लॅकबर्न हे स्वतः हलक्या वजनगटातील कुशल मुष्टियोद्धे होते. त्यांनी लुईस यांना पायांचा तोल आणि ठोशांची जोडणी शिकविली. लुईस नाचत किंवा उड्या मारत नसत. पाय जमिनीलगत सरकवत ते प्रतिस्पर्ध्याला हळूहळू कोपऱ्यात आणीत. डाव्या हाताच्या सरळ ठोशाने अंतर मोजायचे आणि मग अगदी थोड्या अंतरावरून उजवा, डावा, पुन्हा उजवा अशी ठोशांची साखळी सोडायची, ही त्यांची पद्धत होती. हात मागे न खेचता मारलेला हा आखूड ठोसा प्रतिस्पर्ध्याला दिसण्यापूर्वीच लागत असे. बचाव हा त्यांचा तुलनेने दुबळा भाग होता. ते अनेकदा खाली पडले, परंतु उठून जिंकण्याची क्षमता त्यांनी वारंवार दाखविली. 'द रिंग' या नियतकालिकाने २००३ मध्ये सर्वकालीन श्रेष्ठ ठोसेबाजांच्या यादीत त्यांना पहिले स्थान दिले.

मूल्यमापन

लुईस यांच्या सार्वजनिक भूमिकेविषयी दोन मते आढळतात. गोऱ्या समाजाला रुचेल असे मौन आणि संयम त्यांनी स्वीकारला, अशी टीका १९६० च्या दशकातील तरुण पिढीने केली. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्यभरती नाकारणाऱ्या मुहम्मद अली यांच्यावर लुईस यांनी टीका केली होती आणि अली यांनीही त्यांना कठोर शब्दांत उत्तर दिले होते. पुढे अली यांनी त्यांच्याविषयी आदर व्यक्त केला. दुसरे मत असे, की लुईस यांच्या काळात कृष्णवर्णीय विजेत्यापुढे पर्यायच मोजके होते. जॉन्सन यांच्यानंतर २२ वर्षे बंद असलेला दरवाजा त्यांनी उघडला आणि त्यांच्यानंतर तो पुन्हा बंद झाला नाही. सैन्यात त्यांनी आपल्या प्रसिद्धीचा उपयोग इतरांना संधी मिळवून देण्यासाठी केला, हेही या मताचे समर्थक दाखवून देतात.

सन्मान आणि स्मारके

• १९७९: डेट्रॉइट येथील बंदिस्त क्रीडागृहाला 'जो लुईस अरिना' हे नाव.
• १९८२: अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक (मरणोत्तर).
• १९८६: डेट्रॉइटच्या मध्यवर्ती भागात शिल्पकार रॉबर्ट ग्रॅहम यांनी घडविलेले, वळलेल्या मुठीच्या रूपातील सुमारे २४ फूट लांबीचे शिल्प.
• १९९०: आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिदालनाच्या पहिल्या तुकडीत समावेश.
• १९९३: अमेरिकी टपालखात्याकडून तिकीट, अमेरिकी टपाल तिकिटावर झळकणारे ते पहिले मुष्टियोद्धे.
• २०१०: लाफायेट, अलाबामा येथील न्यायालयासमोर ब्राँझचा पुतळा. बटाईदाराच्या या मुलाच्या कुटुंबाने हाच परगणा १९२६ मध्ये सोडला होता.